पाणी देणे (फळझाडे व भाजीपाला)

फळझाडे व भाजीपाला यांच्या मुळांच्या कक्षेत त्या त्या अवस्थेला लागेल तेवढी ओल राखणे, आणि गरज पडेल तेव्हा ती मुद्दाम तोडणे, ही बागायती शेतीतील नित्याची क्रिया. महाराष्ट्रात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. द्राक्ष, डाळिंब, केळी, संत्रा, मोसंबी, कांदा आणि उन्हाळी टोमॅटो-मिरची यांची भिस्त मात्र उरलेल्या आठ महिन्यांतील विहीर, बोअर, कालवा किंवा शेततळ्याच्या पाण्यावर असते. बागाईतदाराचा पैसा, मजुरी आणि शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असेल तेव्हा झोपही पाण्यामागे जाते. इतके करूनही पाण्याच्या कमतरतेइतकेच नुकसान अवेळी व जास्त दिलेल्या पाण्याने होते.

वाफसा : पाणी दिले की मातीच्या कणांमधील सगळ्या पोकळ्या भरतात. जास्तीचे पाणी खाली निचरून गेल्यावर मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत पाणी धरून राहते. ही अवस्था म्हणजे वाफसा. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागत असल्याने अन्नद्रव्ये उचलण्याचे काम ती वाफशावरच नीट करतात. हलक्या, मुरमाड जमिनीत वाफसा एका-दोन दिवसांत येतो आणि लवकर जातोही. खोल काळ्या जमिनीत तो यायलाच कित्येकदा तीन-चार दिवस लागतात, पण आला की बरेच दिवस टिकतो. म्हणून ‘दर आठवड्याला पाणी’ ही शिफारस जमीन कोणती हे सांगितल्याशिवाय फारशी उपयोगाची नाही.

वाफसा ओळखायला उपकरण लागतेच असे नाही. भाजीपाल्यात वीतभर आणि फळबागेत हातभर खणून मूठभर माती घ्यावी व दाबून पाहावी. बोटांच्या फटीतून चिखल आला तर ओल जास्त आहे. लाडू वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे. लाडू वळतच नसेल तर पाण्याला उशीर झाला. वरची माती पांढुरकी दिसली की लगेच मोटर चालू करण्याची सवय फार जणांना असते. काळ्या रानात वरचा दोन इंचांचा थर वाळलेला असतानाही खाली हाताला गार ओल लागते. जमिनीतील पाण्याचा ताण दाखवणारा टेन्शिओमीटर द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत वापरतात, पण त्याचे आकडे वाचतानाही खणून पाहिलेली माती सोबतीला असावी.

झाडही सांगते, मात्र त्याचे सांगणे फसवे असू शकते. दोडका, काकडी, मिरची यांची पाने भर दुपारी मान टाकतात, कारण पानांतून उडणाऱ्या पाण्याचा वेग मुळांना गाठता येत नाही. ऊन कलल्यावर ती पुन्हा उभी राहिली तर पाण्याची घाई नको. सकाळीही पाने लोंबलेलीच असतील तर एक तर ओल संपली आहे किंवा मुळे कुजली आहेत. दोन्ही बाबतींत झाड वरून सारखेच दिसते. पाणी लागलेल्या झाडाला तहानलेले समजून आणखी पाणी सोडल्यानेच मर आणि मूळकूज प्लॉटभर पसरते.

पाटपाणी : मेथी, कोथिंबीर, पालक यांना सारे किंवा सपाट वाफे आणि वांगी, टोमॅटो, कोबी यांना सरी-वरंबा ही रूढ पद्धत. सरीत रोप तळाशी न लावता वरंब्याच्या बगलेत लावतात. पाणी बाजूने मुरून मुळांशी पोचते आणि खोड कोरडे राहते. लागवड ओलीवर करून तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचे हलके पाणी देतात, म्हणजे रोप मूळ धरते. सरी फार लांब असली की दांडाजवळच्या (पाणी आणणाऱ्या पाटाजवळच्या) रोपांना पाणी जास्त होते आणि शेवटच्या रोपांपर्यंत पुरत नाही. एकरभर रानावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर. पाटाने एका पाळीत दोन-तीन इंच सहज बसते, आणि भाजीपाल्याची उथळ मुळे त्यातले बरेचसे वापरूच शकत नाहीत. ते खाली जाताना नत्रही घेऊन जाते.

कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, ठरलेल्या तारखांना सुटते. भाजीपाला दोन आवर्तनांमधल्या खंडात तग धरत नाही, त्यामुळे लाभक्षेत्रातले भाजीपाला करणारे शेतकरीही विहीर राखून असतात.

फळझाडांना आळ्याने पाणी देताना ते बुंध्याला लागू देत नाहीत. संत्रा-मोसंबीत यासाठी दुहेरी आळे, म्हणजे बांगडी पद्धत, वापरतात : खोडाभोवती मातीची भर देऊन आतले आळे कोरडे ठेवायचे आणि बाहेरच्या वर्तुळात पाणी सोडायचे. फायटोप्थोरा या बुरशीमुळे होणारा डिंक्या रोग सतत ओल्या राहणाऱ्या बुंध्यावर बळावतो. खोडाला बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) लावून आळे मात्र एकेरी ठेवले तर मलमाचा खर्च निम्मा वाया जातो. नव्या लागवडीत, पाण्याची ओढ असेल तेथे, रोपाशेजारी सच्छिद्र मातीचे मडके पुरून ते भरत राहण्याची मटका पद्धत आजही कामाची आहे.

ठिबक : आधुनिक ठिबकाची बांधणी इस्राएलमधील अभियंता सिम्हा ब्लास यांनी केली आणि १९६५ मध्ये हात्झेरीम किबुत्झसोबत (सामुदायिक शेतीवसाहतीसोबत) नेटाफिम कंपनी उभी राहिली. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात ही पद्धत रुजली. जळगावच्या जैन इरिगेशनमुळे आणि खानदेशातील केळीमुळे तिला वेग आला. पुढे नाशिक-सांगलीची द्राक्षे आणि सोलापूरचे डाळिंब ठिबकाशिवाय करण्याचा कोणी विचारही करेनासा झाला. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदानाची तरतूद आहे.

ठिबक बसवले म्हणजे पाणी वाचले, असे मात्र नाही. किती वेळ चालवायचे याचा हिशेब बाष्पीभवनावरून मांडतात. समजा, डाळिंबाची लागवड ४.५ × ३ मीटरवर आहे, म्हणजे एका झाडाच्या वाट्याला १३.५ चौरस मीटर जागा येते. उन्हाळ्यात बाष्पीभवन पात्रातून (पाणी किती उडते हे मोजण्याच्या उघड्या भांड्यातून) दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा १०८ लिटर झाले. त्याला पात्र गुणांक (भांड्यातील मोजमापाची दुरुस्ती) ०.७, पीक गुणांक (पिकाची त्या अवस्थेतील गरज) ०.६ आणि ओल्या क्षेत्राचा भाग ०.४ यांनी गुणले की सुमारे १८ लिटर उरतात. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या) असतील तर सव्वादोन तास पुरतात. पीक गुणांक झाडाच्या वयाप्रमाणे व अवस्थेप्रमाणे बदलतो. तीन वर्षांच्या बागेचा आकडा पहिल्या वर्षीच्या रोपाला लावू नये. प्रत्यक्षात ठिबकाचे तास ठरवते ती वीज. पंपाला ऑटो स्विच लावलेला असला की वीज येईल तेव्हा मोटर चालू होते आणि जाईपर्यंत चालते. सव्वादोन तासांच्या बागेला सात-आठ तास पाणी बसते, तेही रोज. वेगवेगळे व्हॉल्व्ह करून पाळी लावणे किंवा पाणी आधी शेततळ्यात घेणे, हे यावरचे उपाय.

संच बसवल्यावर तो तपासणारे कमीच. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून मिनिटाला सुमारे ६७ मिलिलिटर पाणी पडायला हवे. नळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली मिनिटभर पेला धरला की फरक कळतो. शेवटचा पेला अर्धाच भरत असेल तर गाळ, क्षार किंवा शेवाळ अडकले आहे, नाहीतर दाब कमी पडतो आहे. शेततळ्याच्या पाण्याला सँड फिल्टर लागतो. जाळीचा फिल्टर शेवाळाने लगेच तुंबतो. क्षार साचल्यास आम्ल प्रक्रिया आणि शेवाळासाठी क्लोरीन प्रक्रिया करतात, शिवाय उपनळ्यांची टोके उघडून अधूनमधून पाणी सोडून देतात. दुसरी नेहमीची चूक ड्रिपरच्या जागेची. झाड मोठे होते, पाणी शोषणारी मुळे पसाऱ्याच्या कडेकडे सरकतात, ड्रिपर मात्र लावणीच्या दिवशी ठेवलेल्या जागी, खोडाला खेटून राहतात. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते त्याच्या थोडे आत ड्रिपर असावेत.

ताण व बहार : झाडांचे पाणी तोडणे, म्हणजे ताण देणे, हे फळबागेच्या पाण्याचे सर्वांत नाजूक अंग आहे. डाळिंब, संत्रा, मोसंबी, लिंबू, पेरू यांना पाणी मिळत राहिले तर ती वर्षभर थोडीथोडी फुलतात, आणि अशी माल तुटपुंजा व विखुरलेला देणारी बाग परवडत नाही. पाणी बंद केले की शाकीय वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा जमतो आणि फुलकळ्या धरू लागतात. नंतर पाणी दिल्यावर सगळे झाड एकदम फुलते. जानेवारी-फेब्रुवारीतील फुलोरा हा आंबे (आंबिया) बहार, जून-जुलैचा मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. कोणता धरायचा हे पाणी कधी असते, बाजार कधी असतो आणि रोग-किडींचा जोर कधी असतो यावर ठरते. अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आंबिया व मृग हे दोनच बहार चालतात.

ताण हलक्या जमिनीत साधारण महिनाभर आणि भारी जमिनीत दीड-दोन महिने लागतो. दिवस मोजण्यापेक्षा पानांकडे पाहावे : ती फिकट होऊन पिवळसर पडतात आणि काही गळतात, तेव्हा ताण बसला. डाळिंबात उरलेली पाने इथेफॉन हे पानगळ करणारे रसायन फवारून गाळतात. हलक्या रानात ताण लांबला तर फांद्या वाळून सल (वाळक्या काड्या) वाढते. डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो आणि आंबिया बहार विस्कटतो. मृग बहारात उलट जूनचा पाऊस लांबला की हाल. ताण तोडताना, म्हणजे पाणी पुन्हा सुरू करताना, पहिले पाणी हलके, त्यानंतरचे थोडे अधिक आणि मग नियमित, असा क्रम पाळतात. उपाशी झाडाला एकदम भरपूर पाणी दिले तर पालवी जोमात येते आणि फूल गळते.

फळ धरल्यावर मात्र ओलीत चढउतार चालत नाहीत. कोरड्या खंडानंतर भारी पाणी बसले की डाळिंबाची साल आतल्या दाण्यांच्या वाढीला पुरी पडत नाही आणि फळ तडकते. बोरॉन व कॅल्शियमची कमतरताही याला कारण असते, पण फवारणीने पाण्याची अनियमितता भरून निघत नाही. टोमॅटोचा बुडखा काळा पडणे हाही असाच प्रकार. जमिनीत कॅल्शियम असते, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जाते, आणि पाणी तुटले की तेही तुटते.

काढणीच्या तोंडावर : कांद्याची मुळे वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्येच असतात, म्हणून त्याला थोडे पण वरचेवर पाणी मानवते; मोठा खंड पडून भारी पाणी झाले तर जोडकांदे वाढतात. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडतात. वजन भरावे म्हणून शेवटपर्यंत पाणी पाजलेला कांदा बाजारात तोलून जातो, पण चाळीत ठेवला तर पावसाळा काढत नाही. द्राक्षात मणी फुगताना पाणी भरपूर लागते आणि मण्यांत गोडी भरू लागली की कमी करतात, नाहीतर साखर भरत नाही व मणी तडकतात. कोकणातील हापूसला मोहोराआधी कोरडी जमीन हवी असते. कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर मात्र पंधरवड्याच्या अंतराने दिलेल्या पाण्याने गळ कमी होते. पण कातळावरच्या बागांत टाकी व पाइपलाइन नसल्याने अनेकांना ते जमत नाही.

वेळ व पाण्याची प्रत : उन्हाळ्यात पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यावे. तुषार संचाने संध्याकाळी दिल्यास पाने रात्रभर ओली राहून करपा व केवडा हे बुरशीजन्य रोग वाढतात. कांदा, लसूण, पालेभाज्यांना तुषार चालवायचे तर सकाळीच. नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात थंडीचा पारा फार उतरतो तेव्हा द्राक्षबागांना पहाटे पाणी देतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन उष्णता धरून राहते. पाचटाचे किंवा प्लास्टिकचे आच्छादन असेल तर पाळ्यांमधले अंतर वाढते. ते न वाढवल्यास काळ्या जमिनीत आच्छादनाखाली मुळे कुजतात.

बोअरच्या खारट पाण्याचे क्षार ठिबकाच्या ओल्या गोळ्याच्या, म्हणजे ड्रिपरखाली भिजलेल्या मातीच्या, कडेला साचत जातात. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या भारी जमिनी अतिपाण्याने क्षारपड झाल्या, त्यात कमी पडलेल्या निचऱ्याचाही वाटा आहे. खारट पाण्यावरच्या ठिबकाच्या बागेत पहिला हलका पाऊस धोक्याचा असतो, कारण कडेचे क्षार तो मुळांकडे ढकलतो. त्यामुळे जाणकार बागाईतदार तेवढ्या सरींमध्येही ठिबक बंद करत नाहीत. जमीन खोलवर भिजवणारा पाऊस झाल्यावरच व्हॉल्व्ह बंद करतात.