पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदलताय? मायग्रेशन काढण्याआधी हे वाचा

आधी एक तपासा : तुमचं विद्यापीठ खरंच बदलतंय का? पुसदची मुलगी अमरावतीच्या कॉलेजात जाणार असेल तर दोन्हीकडे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठच आहे. तिला मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचं प्रमाणपत्र, लागत नाही. टीसी आणि कॉलेज बदलाची परवानगी घ्यायची. वणीहून वरोरा मात्र जवळ असलं तरी वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो, आणि चंद्रपूर-गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात आहेत. पुलगावहून धामणगाव रेल्वेला जाणाराही नागपूर विद्यापीठातून अमरावती विद्यापीठात जातो. अंतर पाहू नका, जिल्हा पाहा. कॉलेज स्वायत्त असेल तर विद्यापीठ तेच राहूनही अभ्यासक्रम वेगळा असतो, हेही विचारून घ्या.

पुढची माहिती बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगचे नियम वेगळे आहेत.

पात्रता थोडक्यात : पहिल्या वर्षाची दोन्ही सत्रं पास, तोच अभ्यासक्रम, मुख्य विषय जुळणारा, आणि नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला रिकामी जागा. एखादा पेपर राहिला असेल तर आधी तो काढा. जुन्या विद्यापीठाचा पेपर नव्या विद्यापीठात देता येत नाही, आणि एटीकेटीवर (काही पेपर राहूनही पुढच्या वर्षाला जाण्याची सवलत) तिकडे घेतील या भरवशावर टीसी काढलेली मुलं अधांतरी राहतात.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या प्रतीपाशी. हा कागद कोणाकडेच नसतो. गुणपत्रिकेवर विषयाचं नाव आणि क्रेडिट असतात, पण त्या विषयात काय शिकवलं ते नसतं, आणि समकक्षता, म्हणजे दोन्हीकडचा अभ्यास सारखा आहे का, हे ठरवणाऱ्याला तेच पाहायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर (मुख्य विषय) जुळतो, पण मायनर (दुय्यम विषय) आणि कौशल्याचे विषय बऱ्याचदा जुळत नाहीत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या प्रवेशवर्षाचाच अभ्यासक्रम छापून घ्या आणि प्रत्येक पानावर प्राचार्यांचा सही-शिक्का घ्या. नुसती मोबाईलमधली पीडीएफ दाखवून भागत नाही. परीक्षा संपताच हे काम करा. सुट्टीत कॉलेजात बाबू भेटत नाही.

आता क्रम. आधी नव्या कॉलेजकडून जागा असल्याचं आणि प्रवेश देत असल्याचं लेखी घ्या. मग जुन्या कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र, मग टीसी, आणि शेवटी विद्यापीठाचं मायग्रेशन. पोरं नेमकं उलटं करतात. तिकडे नकार आला की मग इथलं नाव कमी झालेलं असतं आणि परत घ्यायला कॉलेज खळखळ करतं. तोंडी ‘या, करून देऊ’ यावर कृपा करून विसंबू नका.

टीसी अडवली जाते ती बाकी फीसाठी. शिष्यवृत्तीचा हप्ता सरकारकडूनच आलेला नसतो आणि तो भुर्दंड कास्तकाराच्या पोराकडे मागितला जातो. हे चुकीचं आहे. तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, अशी यूजीसीची २०१८ ची अधिसूचना आहे. तिची प्रत अर्जाला जोडा.

तारखेचा घोळ मोठा आहे. ‘प्रवेशाची अंतिम तारीख’ आणि ‘पात्रतेचे कागद सादर करण्याची तारीख’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तात्पुरता प्रवेश मिळाला की मुलं निश्चिंत होतात. पण नव्या विद्यापीठाने कागद तपासून दिलेलं पात्रता प्रमाणपत्र झालं नाही तर परीक्षा अर्ज अडतो किंवा निकाल राखून ठेवला जातो. उन्हाळी परीक्षेचा निकाल उशिरा लागला तर ऑनलाईन गुणपत्रिकेवर अर्ज दाखल करा, मूळ प्रत नंतर देण्याचं हमीपत्र जोडा. कॉलेज ते घेतं का हे आधीच विचारा.

नाव बारावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं असेल तर एबीसी आयडीला (विद्यार्थ्याचं क्रेडिटचं ऑनलाईन खातं) क्रेडिट जमा होताना अडचण येते. आधार आधी दुरुस्त करा, त्याला वेळ लागतो.

जातीचा दाखला आणि जात वैधता पुन्हा काढावी लागत नाही. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मात्र त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते, म्हणून जूनमध्ये मुदत संपलेलं जुनंच प्रमाणपत्र जोडलं तर अर्ज परत येतो. मुदत संपली असेल तर एप्रिलमध्येच सेतूत अर्ज टाका. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ) कॉलेज बदलल्याची नोंद करताना मागच्या वर्षीचा अर्ज जुन्या कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून नाही ना, हे टीसी घ्यायला जाल त्याच दिवशी तिथल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर पाहून या. एकदा गाव सुटलं की त्या एका क्लिकसाठी घरच्यांना मजुरी बुडवून जावं लागतं.