नऊ व्होल्टचा सेल आणि मीटरची भूक

सोलापूरच्या नवी पेठेत मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट, करंट आणि ओहम मोजायचा हातातला मीटर, घ्यायला आलेला वायरमन आधी रेंज बघतो, मग प्रोब, म्हणजे मीटरच्या दोन वायरींची टोकं, एकमेकांना टेकवून बझर वाजतो का ते ऐकतो. शेवटी मीटर उलटा करतो आणि विचारतो, "सेल कुठला बसतो?" चौकोनी नऊ व्होल्टचा म्हटलं की कपाळाला बारीक आठी पडते. पेन्सिल सेल पानपट्टीवरही मिळतो, चौकोनी सेलसाठी दुकान शोधावं लागतं.

हा प्रश्न मीटरच्या जन्मापासूनचा मात्र नाही. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करताना वेगवेगळी उपकरणं वागवून कंटाळले. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच डब्यात मोजणारा त्यांचा 'अ‍ॅव्हो' मीटर १९२३ मध्ये बाजारात आला. त्यातला काटा हलवायची ताकद समोरच्या सर्किटमधूनच येई. १९५१ च्या मॉडेल ८ मध्ये ५० मायक्रोअँपिअर करंटला काटा पार टोकाला जायचा. सेल लागायचा तो फक्त ओहम मोजायला: दीड व्होल्टचा एक आणि वरच्या रेंजसाठी १५ व्होल्टची छोटी बॅटरी. तोही प्रोब टेकलेले असतील तेवढाच वेळ खर्च व्हायचा. नाशिकच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मीटर ज्यांनी वापरले, त्यांना हे सांगायला नको. वर्ष-दोन वर्षं सेलची आठवणही यायची नाही. सेल दमला की प्रोब जोडून बटण कितीही फिरवा, काटा शून्यावर बसायचा नाही. बॅटरी संपल्याची खूण म्हणून मला आजही यापेक्षा चांगली काही सापडलेली नाही.

मीटर आकडे दाखवू लागला तेव्हा त्याला स्वतःची भूक लागली. सुरुवातीचे डिजिटल मीटर टेबलावरचे, थेट प्लगवर चालणारे. हातात धरायचा म्हटलं की अडचण व्हायची ती लाल एलईडी आकड्यांची. एक आकडा सात रेघांचा, एका रेघेला साधारण ८ मिलिअँपिअर. '१८८८' पेटवायला २३ रेघा, म्हणजे १८४ मिलिअँपिअर. साध्या चौकोनी सेलची कुवत सारी ४०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. हिशेबानं दोन तास, प्रत्यक्षात त्याहून कमी.

सुटका झाली ती एलसीडीमुळे. आज आपण वापरतो त्या प्रकारचा एलसीडी शाट आणि हेलफ्रिश यांनी १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मांडला. तो स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरचा उजेड फक्त अडवतो किंवा जाऊ देतो. म्हणून करंट जवळजवळ खातच नाही. इंटरसिल कंपनीची ७१०६ ही चिप नेमकी याच डिस्प्लेसाठी बनली: मोजमाप आणि आकडे दाखवणं, दोन्ही मिळून जेमतेम दोन मिलिअँपिअरच्या आत. १९७७ मध्ये फ्लूक या अमेरिकन कंपनीचा ८०२०ए मीटर आला, एलसीडीचा, तळहातावर मावणारा आणि एका नऊ व्होल्टच्या सेलवर चालणारा. दोन तासांचे आता दोनशे तास झाले. आपल्याकडे रस्त्याकडेला मिळणारा पिवळा ८३० मीटर हा त्या ७१०६ चाच गरीब वंशज.

पण नऊ व्होल्टच का? हा सेल मुळात ट्रान्झिस्टर रेडिओसाठी आलेला. आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकमेकांना जोडलेले, त्यामुळे व्होल्टेज भरपूर आणि साठा बेताचा. चिपला मात्र व्होल्टेजच हवं होतं. ती आतल्या आत सुमारे २.८ व्होल्टचं एक पक्कं माप धरून ठेवते, आणि ते टिकायला सेल सात व्होल्टच्या वर असावा लागतो.

सेल त्याच्या खाली गेला की काय होतं, ते मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात शिकलो. एप्रिलची दुपार, मीटर सकाळपासून गाडीच्या डिकीत तापलेला. मेनवर प्रोब लावले तर २६८ व्होल्ट. मी म्हटलं, "मालक, व्होल्टेज लई चढलंय, माग बंद करा." चार माग बंद झाले. मालक दारात जाऊन आले आणि म्हणाले, "अहो, शेजारी तर धडाधड चालूयत की!" शेजारच्यांचा काट्याचा मीटर आणला. २३२. माझा सेल संपत आला होता.

गंमत अशी, की सेल उतरला की आकडा उतरत नाही, चढतो. चिप आलेलं व्होल्टेज आपल्या मापाशी ताडून बघते. गज आखूड झाला की तीच चादर लांब भरते, तसं. मूळ ७१०६ मध्ये सेल तपासायची सोयच नव्हती, ती बाहेरून जोडावी लागे, आणि स्वस्त मीटरवाले ती सर्रास गाळत.

पुढे तीन व्होल्टवर चालणाऱ्या चिपा आल्या आणि पेन्सिल सेल मीटरमध्ये शिरले. अल्कलाइन पेन्सिल सेलचा साठा दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या वर. पण भूकही वाढली. ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या एसीचंही खरं माप), ऑटो रेंज (रेंज आपोआप निवडणं) आणि सगळ्यात खादाड म्हणजे बॅकलाइट, दहा-वीस मिलिअँपिअर सहज. तरी फ्लूकचा ८७-५ एका अल्कलाइन नऊ व्होल्टवर साधारण ४०० तास चालतो, बॅकलाइट न लावता.

खरं तर सेल मोजण्यात संपतच नाहीत, विसरण्यात संपतात. पिवळा मीटर चालू राहिला तर आठेक दिवसांत सेल खलास. म्हणून ऑटो ऑफ आला, बहुतेक मीटरमध्ये पंधरा ते तीस मिनिटांचा. त्याचाही एक खोडसाळपणा आहे: माग सुरू होताना व्होल्टेज किती पडतं ते बघत उभं राहावं आणि नेमका तेव्हाच डिस्प्ले विझावा. शिवाय बटण दाबून चालू होणारे काही मीटर बंद असतानाही थेंब थेंब करंट घेतात. गोल स्विचवाला मीटर ऑफवर आणला की सेल तुटलाच.

त्या दिवसापासून मी मीटरच्या पाठीवर पांढरी टेप लावून सेल टाकल्याची तारीख लिहितो. सध्याची तारीख गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यातली आहे. मीटर डिकीत ठेवत नाही.