कर्णशल्यचिकित्सा फेलोशिप

कान-नाक-घसा विषयात एम.एस. किंवा डी.एन.बी. झालेल्या डॉक्टराने केवळ कानाच्या आणि कानालगतच्या कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया शिकण्यासाठी ज्येष्ठ शल्यविशारदाच्या हाताखाली घेतलेले पुढचे प्रशिक्षण. भारतात त्याची मुदत बहुधा एक वर्ष असते. रुग्णालयांनी स्वतः दिलेली फेलोशिप एम.सीएच.सारखी (शल्यशास्त्रातील अतिविशेष) वैधानिक पदवी ठरत नाही; तिचे वजन मुख्यतः गुरूच्या नावावर आणि हाताखालून गेलेल्या शस्त्रक्रियांवर ठरते. अमेरिकेत तंत्रिका-कर्णविज्ञानाची (कान आणि त्याच्या नसांच्या उपशाखेची) मान्यताप्राप्त फेलोशिप दोन वर्षांची असून त्या उपशाखेचे स्वतंत्र प्रमाणपत्र २००४ पासून दिले जाते.

या प्रशिक्षणाचा उगम नेमका कुठला, याविषयी एकमत नाही. काही लेखक तो सुश्रुतसंहितेपर्यंत नेतात. संहितेचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत वेगवेगळा मानला जातो आणि आजचा पाठ बहुधा अनेक हातांचा आहे. तिच्यातील कर्णसंधान हे कानाच्या पाळीचे काम होय. मध्यकर्णाशी त्याचा संबंध नाही. मात्र सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात कर्णसंधीच्या बंधाचा सराव आधी मऊ मांसखंडावर आणि कमळाच्या देठावर करावा, असे सांगितले आहे. कानाच्या शस्त्रक्रियेचा नव्हे, तर सरावाच्या शिस्तीचा पूर्वसूरी म्हणून हा उतारा अधिक मोलाचा.

यूरोपात झां-लुई पती याने १७३६ च्या सुमारास कानामागचे हाड उघडून पू काढल्याचे मानतात. डेन्मार्कचा राजवैद्य बर्गर याने बहिरेपणावर हीच शस्त्रक्रिया स्वतःवर करवून घेतली आणि १७९१ मध्ये तो मेंदूज्वराने दगावला. त्यानंतर ती बराच काळ मागे पडली. १८७३ मध्ये हाल येथील हेर्मान श्वार्ट्झे याने तिला शास्त्रीय बैठक दिली. त्याच वर्षी व्हिएन्नात पोलिट्झर आणि ग्रूबर यांचे कर्णचिकित्सालय सुरू झाले. देशोदेशीचे डॉक्टर तेथे शिकायला जात, म्हणून फेलोशिपचे मूळ व्हिएन्नात शोधण्याची प्रथा आहे. तथापि तेथील भर निदानावर आणि प्रात्यक्षिक पाहण्यावर होता. शिकाऊ डॉक्टराने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः हाड कोरायचे, ही आजची पद्धत १९५० नंतरची दिसते. स्टॉकहोमच्या नीलेन याने १९२१ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेत एकनेत्री सूक्ष्मदर्शक वापरला होता. पण झाइसचे शस्त्रक्रिया-सूक्ष्मदर्शक १९५३ मध्ये आले, वुल्स्टाइन आणि झोलनर यांनी कर्णपटल व मध्यकर्णातील अस्थिसाखळीची पुनर्रचना रुळवली आणि १९५६ मध्ये जॉन शे याने रिकीब (मध्यकर्णातील सर्वांत लहान हाड) काढून कृत्रिम अस्थी बसवली. या दृष्टीने लॉस अँजेलिसचा कर्णशल्यविशारद विल्यम हाउस याच्या सूक्ष्मदर्शकी शस्त्रक्रियेच्या परंपरेला झुकते माप देणे सयुक्तिक वाटते.

प्रशिक्षणाचा गाभा शंखास्थीचे (कान ज्यात असतो त्या कवटीच्या हाडाचे) विच्छेदन हा आहे. मृतदेहातून काढलेले हाड धारकात पक्के बसवतात. कानाच्या छिद्रामागील त्रिकोणातून कोरायला सुरुवात होते. प्रौढात कर्णकोटर (कानामागच्या हाडातील पोकळी) तेथून १२ ते १५ मिमी. खोल लागते. वर दृढतानिका (मेंदूचे बाहेरचे आवरण), मागे सिग्मॉइड शिरानाल (मेंदूकडून रक्त नेणारी मोठी शीर) आणि आत चेहऱ्याची नस अशा हद्दी असतात. आरंभी दातेरी बर (हाड कोरणारे फिरते टोक) वापरतात आणि नस जवळ आली की हिऱ्याची बर घेतात. पाण्याची धार सतत चालू ठेवावी लागते, कारण घर्षणाच्या उष्णतेनेही नस जायबंदी होते. बर नसेला आडवी न फिरवता समांतर फिरवायची, ही ताकीद शिकाऊ डॉक्टरला पहिल्या दिवसापासून मिळते. रिकिबीच्या शस्त्रक्रियेत सुमारे ०·४ ते ०·६ मिमी. व्यासाचा पिस्टन (रिकिबीऐवजीची कृत्रिम अस्थी) बसवायचा असतो. तेथे हाताचा कंप लपत नाही.

पुण्यात या शिक्षणाला लागणारा पाया जुना आहे : ससून रुग्णालय (१८६७), के.ई.एम. रुग्णालय (१९१२), बी.जे. वैद्यकीय महाविद्यालय (१९४६), सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (१९४८) आणि पुढे खासगी अध्यापन रुग्णालये. बेवारस मृतदेह अध्यापनासाठी देण्याची तरतूद १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमात आहे. शंखास्थींचा प्रश्न तिच्याशी आणि देहदानाशी निगडित आहे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) संलग्न संस्थांतून फेलोशिप अभ्यासक्रम चालवते.

शिकाऊ डॉक्टरच्या हाती मुख्यतः वाहणारे कान येतात. त्यांत कोलेस्टिॲटोमा (मध्यकर्णात साचत वाढणारी त्वचेची गाठ) असला तर हाड पोखरले जाते आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. घरी कोमट तेल घालून वर्षे काढलेले रुग्ण आजही येतात. कॉक्लियर इम्प्लांटमध्ये (आंतरकर्णात विद्युत् श्रवणयंत्र बसवताना) चेहऱ्याची नस आणि चवीची नस यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून मध्यकर्णात उतरतात. जन्मतः बहिऱ्या बालकांसाठी केंद्राच्या एडिप (अपंगांना साधने देण्याच्या) योजनेतून त्याला अर्थसाहाय्य मिळते. नंतरचे वाक्-श्रवण प्रशिक्षण श्रवणतज्ज्ञाकडे असते आणि शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी लांबते. श्रवणतंत्रिकेच्या गाठी मेंदूशल्यविशारदासह काढतात. तेथे फेलोला बहुधा सहायकाचीच जागा मिळते.