देवचाफ्याचं मूळ गाव

देवळामागे वाकड्यातिकड्या फांद्यांचा देवचाफा, खाली पांढऱ्या फुलांचा सडा, प्रत्येक फुलाच्या पोटात हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा रंग. हे झाड इथं पुराणकाळापासून असणार, असंच कोणालाही वाटेल. पण ते मिरची, बटाटा, सीताफळाच्याच वाटेनं आलं.

देवचाफा ज्या 'प्लुमेरिया' प्रजातीतला, तिचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. मेक्सिकोतले नाहुआटल भाषिक लाल चाफ्याला 'काकालोशोचित्ल' म्हणत, म्हणजे कावळ्याचं फूल! शास्त्रीय नाव शार्ल प्ल्युमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच संन्याशावरून पडलं. वनस्पती गोळा करायला तो तीनदा कॅरिबियनला जाऊन आला होता. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली या नावावर शिक्कामोर्तब केलं.

जुन्या संस्कृत काव्यातला 'चंपक' म्हणजे आपला सोनचाफा. तो अस्सल आशियाई आणि त्याचं कूळच वेगळं. पाहुण्याला आपण यजमानाचं नाव देऊन टाकलं, एवढंच. तसे आपण चाफा म्हणायला सढळच: नागचाफा, हिरवा चाफा, कवठीचाफा, भुईचाफा. यातलं एकही प्लुमेरिया नाही.

इतका लांबचा प्रवास झाला कसा? १५६५ पासून अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं मेक्सिकोतलं अकापुल्को ते फिलिपिन्समधलं मनिला अशी ये-जा करत होती, आणि इकडं पोर्तुगीज होतेच. पण खरी करामत झाडाच्या अंगात आहे. आपल्याकडे त्याला शेंग क्वचितच धरते. फुलात मध नाही; रात्री सुगंध सोडून ते पतंगांना चक्क फसवतं. त्यामुळे बियांची भिस्त नाही, सगळा कारभार फांदीचा. हातभर फांदी तोडा, पांढरा चीक टपटप गळतो (कपड्यांना लागू देऊ नका, डाग जात नाही). आठवडाभर सावलीत जखम सुकू द्या आणि मग मातीत खोचा. पावसाळ्यात लगेच खोचली तर बहुधा कुजते.

असा हा चाफा श्रीलंकेत विहारांत, बालीत मंदिरांत, मलेशियात कबरस्तानांत रुजला. लाओसनं तर त्याला राष्ट्रीय फूल केलं. मूळ मुलखातल्या निकाराग्वाचंही राष्ट्रीय फूल तोच. आणि कोपऱ्यात टाकून विसरलेल्या फांदीलाही कधीकधी, माती नाही की पाणी नाही, टोकाला फुलं येतात.