सांडपाणी, शेवाळ आणि खाली न बसणाऱ्या पेशी

सांडपाण्याच्या प्लांटमध्ये गेलात की वासाच्याही आधी जाणवतो तो ब्लोअरचा आवाज. घाण खाणारे बॅक्टेरिया टाकीत असतातच पण त्यांना ऑक्सिजन लागतो, म्हणून रात्रंदिवस हवा सोडत बसायचं, आणि प्लांटच्या विजेतला साधारण निम्मा खर्च नुसता या हवेवर होतो. ही पद्धत 1914 मधली, मँचेस्टरची, आणि अजूनही जगभर तीच चालते.

शेवाळ हेच काम उन्हावर करतं. ते ऑक्सिजन सोडतं, बॅक्टेरिया तो वापरून घाण खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो परत शेवाळाच्या कामी. शिवाय पाण्यातला अमोनिया आणि फॉस्फेट शेवाळ स्वतःच्या वाढीला वापरतं, जे नाहीतर नदी-तलावात जाऊन तिथे नको तेवढं शेवाळ माजवतात. आणि गंमत म्हणजे बऱ्याच शेवाळांना बी12 जीवनसत्त्व लागतं पण बनवता येत नाही, तेही बॅक्टेरियाच पुरवतात!

1950 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम ऑस्वाल्ड यांनी यासाठी खास तळी तयार केली. रेसट्रॅकसारखी गोल फिरणारी, जेमतेम फूट-दीड फूट खोल कारण त्याखाली ऊन पोचत नाही, आणि पाणी हलतं ठेवायला एक संथ फिरणारं चाक. दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड इतका ओढतं की पाण्याचा पीएच 9 च्या वर जातो, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी होतं, त्यात उन्हाची भर, म्हणजे रोगजंतूही बरेच मरतात.

मग सगळीकडे हेच का नाही? एकतर जागा, कारण जे काम ब्लोअरवाल्या टाकीत काही तासांत होतं त्याला इथे काही दिवस लागतात. रात्री ऊन नाही, आणि वर शेवाळच ऑक्सिजन खातं. पण खरी डोकेदुखी वेगळीच, साफ झालेल्या पाण्यातून शेवाळ काढायचं कसं? पेशी काही मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), सगळ्यांवर ऋण विद्युतभार, एकमेकींना ढकलतात आणि तरंगत राहतात. इथेही बॅक्टेरियाच कामाला येतात, त्यांच्या चिकट स्रावात पेशी अडकून गोळे होतात आणि तळाशी बसतात. म्हणून बसलेल्या गाळातला थोडा परत तळ्यात टाकतात, म्हणजे नीट बसणाऱ्यांचीच पैदास वाढते. माझ्या मते सगळ्यात हुशारीची युक्ती हीच, यंत्र नाही की केमिकल नाही.

फक्त रोटिफरसारखे बारके प्राणी तळ्यात शिरले तर ते शेवाळच चरायला लागतात आणि काही दिवसांत हिरवं तळं साफ करून टाकतात, तेही नको त्या अर्थाने.