‘डोया’ लिहिणारं पोर आणि ‘पसऊ’ लिहिणारं पोर

‘तारे जमीन पर’ हा हिंदी सिनेमा डिसेंबर २००७ मध्ये आला, आणि त्यावरून शिक्षकांमध्ये पडलेले दोन तट अजून मिटलेले नाहीत. एका बाजूचं म्हणणं, या सिनेमामुळे ‘डिस्लेक्सिया’ (बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाणं) हा शब्द निदान गावापर्यंत पोचला, नाहीतर अशी पोरं ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावरच राहिली असती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सिनेमाने पालकांना भलतीच आशा लावली: समजूतदार सर भेटले, हातात रंग आले, की काही महिन्यांत पोर वाचायला लागतं. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण यवतमाळ किंवा वाशिमकडच्या जिल्हा परिषद शाळेत वह्या उघडून बसलं, की वेगळीच अडचण समोर येते. सिनेमातला डिस्लेक्सिया असलेला मुलगा, ईशान, चुका करतो त्या इंग्रजी अक्षरांच्या. त्याचा बी आणि डी उलटा होतो, अक्षरं आरशात पाहिल्यासारखी फिरतात. आपल्या पोरांच्या वह्या मराठीत आहेत, आणि मराठीत डिस्लेक्सियाचं रूप वेगळं असतं.

आधी त्या नाचणाऱ्या अक्षरांबद्दल. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही. बैलाचं तोंड डावीकडे असो की उजवीकडे, बैल तोच, हे मेंदूला वाचायला शिकण्याच्या आधीपासून कळतं. म्हणून सहा-सात वर्षांपर्यंत जवळपास सगळीच मुलं कधी ना कधी अक्षर उलटं काढतात. तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. आणि देवनागरीत आरशात फिरवल्यावर दुसरंच अक्षर व्हावं अशा जोड्या जवळजवळ नाहीतच. जे गुरुजी सिनेमातली ती खूण शोधत बसतात, त्यांच्या हातून खरं पोर सुटतं.

खरी गोची आवाजात आहे. ‘कापूस’ हा शब्द कानावर पडला, की वाचणाऱ्या माणसाचा मेंदू त्याचे का-पू-स असे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याला चिन्ह जोडतो. हे काम डाव्या मेंदूतले काही भाग मिळून करतात. सरावाने त्यांच्यातली वाट डांबरी होते आणि शब्द दिसताक्षणी ओळखला जातो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची ती वाट पावसाळ्यातल्या पांदणीसारखी राहते. काळ्या मातीत प्रत्येक पाऊल उपसून टाकावं लागतं, त्याच शब्दासाठी, रोज. बुद्धीचा इथे संबंध नाही. हेच पोर पऱ्हाटीवरची बोंडअळी लांबून ओळखतं आणि बाजारातला हिशेब तोंडी करतं. सर्वसाधारणपणे शंभरात पाच ते दहा मुलांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास असतो, आणि आई-वडिलांपैकी कुणाला असला तर मुलात तो असण्याची शक्यता बरीच वाढते.

मराठीत जसं बोलतो तसं बरंचसं लिहितो, म्हणून आपल्याकडे असं मूल पुष्कळदा बरोबर वाचतं, पण फार हळू. अक्षर-अक्षर जोडत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. लिहिताना काना-मात्रा गळतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. ऱ्हस्व वेलांटी तर मुळातच फसवी आहे: ‘कि’मध्ये ती काढायची आधी आणि उच्चारायची नंतर. घ-ध, म-भ, थ-य, प-ष यांची अदलाबदल होते. आणि ‘र’ने तर छळच मांडलेला असतो, कारण ‘वर्ग’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत तो चार वेगळ्या रूपांत बसतो.

आता एक चूक जवळून पाहू. चौथीतल्या एखाद्या वहीत असं वाक्य सापडतं: ‘मले शायेत जाचं हाये. डोयात पानी आलं.’ लाल पेन लगेच फिरतो. पण या वाक्यात एकही अक्षर चुकीच्या आवाजासाठी आलेलं नाही. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘मला’चं ‘मले’ होतं. पोराने घरी ऐकलेला आवाज तंतोतंत कागदावर उतरवला. म्हणजे शब्द फोडून चिन्ह जोडण्याची त्याची यंत्रणा उत्तम चालते. त्याला प्रमाण मराठी शिकवायची आहे, एवढंच. मेळघाटातलं कोरकू बोलणारं, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं किंवा बंजारा तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं मूल तर शाळेत येऊन दुसरीच भाषा शिकत असतं. त्याला डिस्लेक्सियाचं लेबल लावणं हा अन्याय आहे.

दुसऱ्या वहीत ‘पाऊस’ हा शब्द एकाच पानावर तीनदा येतो: ‘पउस’, ‘पसऊ’, ‘पाअस’. ‘शाळेत’चं ‘शळात’ झालेलं असतं. इथे घरची बोली कुठेच नाही. आवाजांचा क्रम हलला आहे, मात्रा हरवली आहे, आणि प्रत्येक वेळी चूक निराळी आहे. थांबून पाहायला हवं ते या वहीपाशी. सिनेमातले निकुंभ सर ईशानच्या घरी जाऊन वह्या उघडतात आणि चुकांचा नमुना दाखवतात. तो प्रसंग शास्त्राच्या दृष्टीने चोख आहे, आणि सिनेमातून गुरुजींनी एकच गोष्ट उचलायची तर ती हीच.

वहीवरून शंका आली तरी लगेच निष्कर्ष नको. आधी नजर आणि कान तपासून घ्यावेत. वारंवार कान वाहणाऱ्या मुलाला ‘प’ आणि ‘ब’ वेगळे ऐकूच येत नसतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलांची नावं काढून हातात द्यावीत, नाहीतर वजन-उंचीतच वेळ जातो. मग हजेरीपट उघडावा. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी या दिवसांत किती गैरहजेरी आहे, घरचे दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात का? विदर्भात आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्यात अंगदुखीने शाळेचे दिवस बुडतात, आणि काही मुलांच्या मेंदूला रक्तपुरवठ्यातल्या अडथळ्यामुळे बाहेरून न दिसणारी इजा होऊन शिकण्यावर परिणाम होतो.

हे सगळं पाहिल्यावर उरतो तो सगळ्यात भरवशाचा निकष: शिकवून पाहणं. रोज वीस ते तीस मिनिटं, आठ ते बारा आठवडे, तीन-चार मुलांच्या गटात. गैरहजेरीमुळे मागे पडलेलं पोर या काळात भराभर पुढे सरकतं. डिस्लेक्सियाचं पोरही सरकतं, पण मुंगीच्या पावलाने.

सुरुवात पाटी बाजूला ठेवून करायची. समोर तुरीचे दाणे घ्या. ‘कापूस’ म्हणा आणि प्रत्येक तुकड्याला एक दाणा सरकवायला सांगा. तीन दाणे आले की विचारा, ‘यातला का काढला तर काय उरलं?’ ‘पूस’ हे उत्तर विनासायास यायला लागलं की पुढची पायरी: तूर, तार, तीर. दोन्ही अक्षरांचा सांगाडा तोच, बदलतो तो फक्त पहिल्या अक्षराचा स्वर. बदल कानाने पकडता आला की मगच चिन्ह द्यायचं. ताटात बारीक रेती किंवा रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं, आणि काढता काढता त्याचा आवाज तोंडाने मोठ्याने म्हणायचा. तोंड बंद ठेवून शंभरदा गिरवलं तर हात शिकतो, वाचन नाही. फळ्यावरून वीस वेळा उतरवून घेण्याची शिक्षा याच कारणाने वाया जाते. मूल चित्र उतरवल्यासारखं उतरवतं, आवाजाशी गाठ पडतच नाही.

बाराखडी एका दमात घोकून घेऊ नये. आधी काना, मग दीर्घ वेलांटी, मग ‘ए’ आणि ‘ओ’ची मात्रा, त्यानंतर उकार, ऱ्हस्व वेलांटी सगळ्यात शेवटी. आठवड्याला एकच नवी खूण, आणि रोजची पहिली पाच मिनिटं जुन्याच खुणांची. ‘र’ची चार रूपं चार वेगळ्या आठवड्यांत. दर शनिवारी एक मिनिट मोजून वाचायला लावा आणि बरोबर वाचलेले शब्द लिहून ठेवा. आकडा दोन-तीनने वाढला तरी मुलाला दाखवा, कारण आपण पुढे जातोय हे त्याला एरवी कळतच नाही.

यातही गाडी अडते. सर्वात जास्त अडते ती घाईपायी: तीन आठवडे झाले, फरक नाही, बंद करा. प्रत्यक्षात हा दोन-तीन वर्षांचा मामला असतो, आणि तरीही वाचन सावकाश राहू शकतं. डिस्लेक्सिया ‘बरा’ होत नाही. मूल त्याच्यासह वाचायला शिकतं. यावर औषध नाही. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम वाचन सुधारतात, याला भक्कम आधार नाही. त्यावर पालकांनी सोयाबीनचे पैसे घालू नयेत.

सिनेमाला दोष द्यायचा तर तो इथे द्यावा. काही दृश्यांत वर्षांची मेहनत मावते. ईशानला चेंडू झेलता येत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, गणितही अडतं. या वेगवेगळ्या अडचणी आहेत, काही मुलांत त्या सोबत असतात, पण डिस्लेक्सियासाठी त्या असाव्याच लागतात असं नाही. आणि आईन्स्टाईन, दा विंची यांची नावं. त्यांना डिस्लेक्सिया होता याचा पक्का पुरावा नाही. त्या नावांमुळे प्रत्येक बाप पोरात दडलेला चित्रकार शोधू लागतो. चित्र न येणाऱ्या साध्यासुध्या पोरालाही वाचता यायला हवं, त्याचा तो हक्कच आहे. २०२५ मधल्या ‘सितारे जमीन पर’ने नावामुळे आणखी घोळ केला. तो बौद्धिक अक्षमता आणि डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांबद्दल आहे, डिस्लेक्सियाबद्दल नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या एकवीस प्रकारांत डिस्लेक्सिया ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ म्हणून येतो. प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, आणि पुढे पुन्हा तपासणी होते. त्यासाठी बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या लागतात, त्या घेणारे मानसशास्त्रज्ञ तालुक्याला सहसा नसतात, म्हणून पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठून जिल्हा रुग्णालयाची तारीख दहावीच्या बऱ्याच आधी घ्यावी. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो तो या कागदावर. वर्गातली मदत मात्र कागदाची वाट पाहत नाही.

त्यातली एक मदत उद्यापासून करता येते. अशा मुलाला अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नये. उद्या वाचायच्या चार ओळी आज सुट्टी होताना खुणा करून द्याव्यात, घरी ताई किंवा आजीसमोर त्या पाच वेळा वाचून होतात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच चार ओळी त्याच्या वाट्याला याव्यात, आणि तो अडखळला तर मागच्या बाकावरून शब्द पुरवणाऱ्याला गुरुजींनी हाताने थांबवावं.