तरंगफलनाची वास्तवता

पुंज यांत्रिकीत, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांसारख्या सूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्रात, कणाची अवस्था तरंगफलन या गणिती फलनाने मांडतात. एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये त्याचे समीकरण दिले. त्याच वर्षी माक्स बॉर्न यांनी दाखवले की या फलनाच्या केवल मूल्याच्या वर्गातून कण कुठे सापडेल याची संभाव्यता मिळते. मग तरंगफलन निसर्गात खरोखर असते, की ते हिशेबाचे साधन आहे? हा वाद आजही मिटलेला नाही.

ठाण्याच्या मासुंदा तलावावरची लाट काठावरून बोटाने दाखवता येते. तरंगफलनाचे तसे नाही. त्याच्या किमती संमिश्र संख्या, म्हणजे उणे एकचे वर्गमूळ वापरणाऱ्या संख्या, असतात. शिवाय प्रत्येक इलेक्ट्रॉनाला तीन याप्रमाणे दोन इलेक्ट्रॉनांचे फलन मांडायला सहा मिती लागतात, दहांचे मांडायला तीस. मग ही लाट आहे तरी कुठे? भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक लोरेंट्झ यांनी श्रोडिंगर यांना १९२६ मध्येच पत्रातून ही अडचण कळवली होती. तरंगफलन खरे मानणाऱ्या वास्तववाद्यांना सर्वांत जड जाणारा आक्षेप हाच आहे.

उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. दोन फटींतून इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तरी पडद्यावर हळूहळू व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्यावर दिसतात तसे, पट्टे उमटतात. तरंगफलन म्हणजे आपल्या माहितीची नोंद एवढेच असेल, तर हे पट्टे कोण पाडते?

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुसी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांच्या प्रमेयाने वादाला धार आणली. कणाला स्वतःची वस्तुनिष्ठ स्थिती असते आणि स्वतंत्रपणे तयार केलेल्या कणांच्या स्थिती स्वतंत्र असतात, असे ते गृहीत धरते. एकच स्थिती दोन वेगळ्या शुद्ध तरंगफलनांशी जुळत असेल, तर पुंज यांत्रिकी ज्यांची संभाव्यता शून्य सांगते असे निकालही कधीतरी मिळायला हवेत. त्यामुळे ‘वास्तव आहे, पण फलन हे त्याविषयीचे अपुरे ज्ञान’ हा मधला मार्ग फार अरुंद झाला. पहिले गृहीतकच नाकारणाऱ्यांना मात्र प्रमेयाची झळ लागत नाही. डेव्हिड बोम (१९५२) आणि ह्यू एव्हरेट (१९५७) यांच्या मांडण्या फलन खरे मानतात.

वाशीच्या रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रामागचे हायड्रोजन अणुकेंद्रांचे गणित दोन्ही पक्षांना सारखेच मान्य आहे. तरी ठाण्यातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला, तर ‘आधी गणिते सोडव’ म्हणून त्याला गप्प करू नये. कारण त्यातून तपासण्याजोगे सिद्धांतही निघतात. घिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये तरंगफलन खरोखर कोसळते, म्हणजे पसरलेले फलन अचानक एका जागी आकसते, असे मानून श्रोडिंगरचे समीकरणच बदलले. त्यांच्या सिद्धांताची भाकिते मोठ्या वस्तूंसाठी नेहमीच्या पुंज यांत्रिकीपेक्षा वेगळी येतात आणि ती प्रयोगाने तपासता येतात.